एकोणीसशे की साडेतेराशे

तर त्या दिवशी चार वाजायच्या आत माझ्या भावाला, रितेशला, नोकरीसाठी एक जहाज निवडायचं होतं, आणि त्याच दिवशी दीपकदादाचं वर्षश्राद्ध होतं. दोन्ही एकाच दिवशी यावं असं कोणी ठरवलं नव्हतं. भटजींनी तिथी काढून दिली होती, आणि मुंबईच्या एजंटने आदल्या संध्याकाळी मोठ्या दादाला फोन करून सांगितलं होतं, "उद्या चारपर्यंत कुठलं ते कळवा, नाहीतर माझ्याकडे दुसरी पोरं उभी आहेत." एजंटला काय माहीत आमच्या घरात उद्या काय आहे ते.

सकाळी आम्ही महाडहून वर कुडपणला निघालो. मोठा दादा म्हणजे विनीतदादा, त्याचीच पिकअप. तो महाडला खोली घेऊन राहतो, मी कॉलेजसाठी त्याच्याकडेच असते. मध्ये रऊफचाचा बसले होते. चाचा रिटायर सारंग, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम, बत्तीस वर्षं नोकरी केलेली. आमच्या दीपकदादाला जहाजाचा रस्ता त्यांनीच दाखवला, आणि त्याच्या मागून रितेश गेला. आदल्या दिवशी वीस मार्च, चवदार तळ्यावर माणसंच माणसं, त्यामुळे केळीची पानं आणि फुलं घ्यायची राहून गेली होती. ती पहाटे कुठून कुठून गोळा केली. घाट चढताना चाचांनी विचारलं, "विनीत, तुझं काय मत हाय रे? कुठलं घ्यावं पोराने?" तर ह्याने गिअर बदलला. नुसता गिअर बदलला आणि काचेतून समोर बघत राहिला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी मांडीवरची पानं सांभाळत होते.

दुपारी एक-दीडला पिंड झाले, पंगत उठली. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं तुळसावहिनीने एकटीने केलं होतं, दीपकदादाच्या बायकोने. पूजावहिनी, म्हणजे रितेशची बायको, पाचवा महिना चालू, तिला चुलीजवळ बसू दिलं नाही. गावातली माणसं पाणी पिऊन गेली आणि पडवीत आम्ही घरचे आणि चाचा एवढेच उरलो. आबा बाकड्यावर. आई जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून आबा त्या बाकड्यावरून घर चालवतात. रितेशने खिशातून दोन कागदांच्या गुंडाळ्या काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"अनु, तू वाच. इंग्रजी हाय सगळं."

"तू सहा वर्षं जहाजावर काय करत होतास मग? एबी झालास ना?" मी म्हटलं. एबी म्हणजे डेकवरचा पक्का खलाशी, साध्या खलाशाच्या एक पायरी वर.

"डेक धूत होतो. कागद नव्हतो वाचत."

आबा म्हणाले, "किती देतात ते सांग आधी. बाकी मागनं."

मी सांगितलं. पहिल्या जहाजाचे महिन्याला एकोणीसशे डॉलर. दुसऱ्याचे साडेतेराशे.

झालं. पडवीत जणू निकालच लागला. आबांनी मान हलवली, रितेश हसला, आतून पूजावहिनी दारात येऊन उभी राहिली. मीपण लगेच वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. एकोणीसशे गुणिले बारा, साडेतेराशे गुणिले बारा. वर्षाला साडेसहा हजार डॉलरचा फरक. रुपयात साडेपाच लाखाच्या वर. मी मोठ्याने वाचलं आणि मला स्वतःलाच फार हुशार वाटलं.

"बारा कुठून आणलेस?" चाचांनी विचारलं.

"वर्षाचे महिने बारा नाहीत का?"

"ते जमिनीवर गो. विनीतची गाडी बारा महिने धावते म्हणून तुम्हाला सगळ्यांना बारानेच गुणायची सवय. जहाजावर चढला की पगार सुरू, उतरला की बंद. दोन्ही कागदांवर नऊ महिने लिहिलंय बघ. मग घरी बसून किती महिने, ते त्या एजंटच्या हातात."

रितेश सहा महिने घरी होता.

मी नऊने गुणलं. मग चाचांनी एकेक सांगायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेले. साडेतेराशेच्या जहाजावर युनियनचा करार. दर महिन्यामागे आठ दिवसांची रजा जमा होते, तिचे पैसे मूळ पगाराच्या दराने उतरताना वेगळे मिळतात. ठरल्याच्या वर काम केलं तर जादा तासांचे पैसे वेगळे. एकोणीसशेमध्ये जादा काम, रविवार, रजा सगळं आतच धरलेलं, वर दमडी नाही. साडेसहा हजारांचा फरक घसरत घसरत अडीच हजारांवर आला. मी दोनदा करून बघितलं.

"अडीच हजार तर अडीच हजार," आबा म्हणाले. "ते काय झाडाला लागतात? दोन लाख रुपये हायत. नाचणी विकून दोन लाख किती वर्षांत होतात ते मला विचार, रऊफ."

"आबा, मी कुठे नाय म्हणतोय. मी फक्त कागद उलटा करून बघतो. पगार सगळे बघतात. मी मागचं पान बघतो."

मग चाचांनी डावा हात पुढे केला. त्यांची दोन बोटं अर्धी आहेत, आम्ही लहानपणापासून बघतोय. "बंदराला जहाज बांधताना दोर तुटला, ही गेली. माझ्या कागदाच्या मागच्या पानावर बोटांचा भाव लिहिलेला होता. कुठलं बोट, किती पेरं, किती पैसे. त्या पैशात पोरीचं, सुम्बुलचं लग्न लावलं मी. लोक बिर्याणीची तारीफ करत होते, त्यांना काय माहीत चाचाची बोटं खातायत."

रितेश खो खो हसला. मीपण हसले. मग भिंतीजवळच्या दीपकदादाच्या फोटोला आज नवीन हार घातलाय हे दिसलं आणि हसू कुठे ठेवावं कळेना.

आतून तुळसावहिनी बाहेर आली. हात ओले होते, पदराला पुसत होती. दुपारपासून ती पहिल्यांदा बोलली. "मागचं पान वाच गो अनु. दोन्हींचं."

मी साडेतेराशेचं वाचलं. आजारी पडला तर एकशेतीस दिवस पगार. घरच्या माणसांना दवाखान्याची मदत. भविष्यनिर्वाह निधी. अपंगत्व आलं तर अमुक. मग एक ओळ आली, तिथे मी अडखळले. चाचा म्हणाले, वाच.

"मृत्यू झाल्यास वारसाला नव्वद हजार डॉलर. आणि प्रत्येक लहान मुलामागे..." मी थांबले.

दीपकदादाची छकुली, चार वर्षांची, पडवीच्या पायरीवर बसून उरलेल्या केळीच्या पानाच्या चिरफळ्या करत होती. एकसारख्या, लांब लांब. माझा आवाज थांबला म्हणून तिने वर बघितलं.

"प्रत्येक लहान मुलामागे वीस हजार वेगळे," मी खाली मान घालून वाचलं.

"आणि दुसऱ्याचं?" वहिनीने विचारलं.

मी एकोणीसशेचा कागद उलटा केला. मागे काहीच नव्हतं. कोरं पान. महाडच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनची एक काळी रेघ होती फक्त.

दीपकदादाच्या वेळी आम्हाला काय मिळालं माहितीये? पेटी मिळाली. जहाजाच्या पोटात माल ठेवायची जागा असते ना, खोल, तीन मजली इमारतीएवढी, तिथे तो शिडीवरून पडला. चौथा महिना होता त्याचा. तेवीस दिवसांनी पेटी मुंबईला आली. मोठा दादा एजंटच्या ऑफिसात गेला तर तिथे दुसऱ्याच नावाची पाटी, आतला माणूस म्हणे आम्ही नवीन आहोत. बस. एवढंच.

वहिनी परत आत गेली. मागून पूजावहिनी गेली, आणि त्या दोघींचं आत काय झालं ते मला पूजावहिनीने नंतर स्वतः सांगितलं, तेही रडत रडत.

तिच्या डोक्यात काय होतं, तर जुलै. जुलैमध्ये बाळंतपण. मागच्या पावसात दरड आली तेव्हा वाकणच्या एका बाईला झोळीतून खाली आणली होती, ते तिने बघितलं होतं. तिला महाडला खोली पाहिजे होती, दवाखान्याजवळ. खोलीचं डिपॉझिट, भाडं, सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं, एकोणीसशेच्या हिशोबाने. साडेतेराशेत पण झालं असतं कदाचित. पण सहा महिने नवरा घरी असलेल्या बाईला कदाचित ऐकवत नाही.

ती म्हणाली, "ताई, तुम्ही त्याला घाबरवताय."

तुळसावहिनी परातीत भांडी घासत होती. "मी काय बोलले? वाच म्हटलं फक्त."

"मुद्दाम वाचायला लावलंत. आजच्या दिवशी. तो जाणार हाय, त्याच्या बायकोसमोर मरणाचा भाव वाचायला लावलात."

"भाव नव्हता तेव्हा काय होतं ते तू बघितलंस पूजा."

आणि मग पूजावहिनीच्या तोंडून ते गेलं. गावात जे सगळे मागून बोलत होते ते. "तुमच्या वेळी तुम्हाला जास्तीचंच पाहिजे होतं ना? घर बांधायचं म्हणून तुम्हीच पाठवलंत दीपकभावोजींना त्या जहाजावर. आता आमच्या वेळेला कमीचं बरं झालं काय?"

तुळसावहिनी घासायची थांबली नाही. पूजावहिनी म्हणते, मला वाटलं ती भांडेल, नाहीतर रडेल. ती फक्त म्हणाली, "त्या कढईला हात लावू नको, गरम हाय." बाकी काही नाही. पूजावहिनी तशीच उभी राहिली आणि म्हणे तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली, पण का वाटतेय तेच कळेना.

बाहेर साडेतीन वाजत आले. आबांचं ठरलं होतं. रितेशचंही जवळजवळ ठरलंच होतं, तो चाचांना समजावत होता. "चाचा, अपघात कुठेपण होतो. महाडच्या हायवेला रोज होतो. आणि दीपकदादा काय येडा होता? तोपण दोन्ही कागद बघून गेला होता. विचार करूनच सोळाशेवालं घेतलं त्याने. त्याला बाराशेचं मिळत होतं, करारवालं, तरी त्याने सोळाशेचं घेतलं. मग नशीबच तसं, त्याला कोण काय करणार?"

आमच्या घरात हे वाक्य वर्षभर फिरत होतं. दीपकने विचार करून घेतलं. त्या वाक्यावर सगळे टेकून उभे होते, मीसुद्धा.

चाचांनी पुढे वाद घातला नाही. "तुझी जिंदगी हाय बाबा. मी सांगायचं ते सांगितलं."

रितेश उठला. "दादा, चल कातळावर. रेंज तिथेच येते. तूच सांग त्याला, एकोणीसशेवालं म्हणून. मला ते फोनवर जमत नाय."

कारण आमच्याकडे तशीच पद्धत होती. कुडपणला तेव्हा कातळ सोडला तर मोबाइल कुठे लागतच नव्हता, टॉवर आता ह्या दिवाळीत झाला. त्यामुळे शाळेपासून जहाजापर्यंत प्रत्येक फॉर्मवर नंबर मोठ्या दादाचा. एजंट फोन करणार दादाला, हो-नाही सांगणार दादा. दीपकदादाचं तसंच, रितेशचं तसंच, माझ्या कॉलेजचंसुद्धा तसंच. आम्हाला कधी त्यात वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटायचं, आपला माणूस खाली आहे.

मोठा दादा खांबाला टेकून बसला होता. "मी नाय सांगणार," तो म्हणाला.

"अरे नेहमी तूच सांगतोस."

"म्हणूनच नाय सांगणार."

आबा खेकसले, "वेळ काय, हा बोलतो काय! उठ, जा त्याच्याबरोबर. एकोणीसशे सांग आणि ये."

दादा उठला नाही. त्याने मला नंतर सांगितलं की घाट चढताना पूर्ण रस्ताभर तो एकच वाक्य जुळवत होता, प्रत्येक वळणावर त्याला वाटायचं आता चाचांना सांगू, आता अनुला सांगू, आणि वळण जायचं. पंगतीत सगळ्यांना वाढलं पण स्वतः बसला नाही. आणि आता ते जुळवलेलं वाक्य काही आलं नाही. भलतंच आलं.

"दीपकने बाराशेचं सांगितलं होतं."

"काय?" आबा म्हणाले.

"सोळाशेचं मी घेतलं. त्याने बाराशेचं सांगितलं होतं. मी एजंटला सोळाशे सांगितलं."

छकुली पानाच्या चिरफळ्या मोजत होती, एक, दोन, तीन, पाच.

मग दादा सांगत गेला, खाली बघून. तेव्हा दीपकदादा इथे वर होता, शेतावर मळणीचं खळं सारवायला. एजंटचा फोन खाली दादाला आला, दोन जहाजं आहेत, आजच सांगा. दादाने पोलादपूरच्या एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली, दोन्ही पगार आणि करार कुठल्यावर ते लिहून. तीच एसटी परत फिरताना उत्तर घेऊन आली. त्यात लिहिलं होतं, कमीवालं घे, करार बघ.

"मग?" रितेशचा आवाज बारीक झाला होता. "मग तू असं का केलंस दादा?"

"अक्षर तुळसाचं होतं." दादाने पहिल्यांदा वर बघितलं, तुळसावहिनी दारात येऊन उभी होती, तिच्याकडे. "मला वाटलं ही घाबरली. बायका घाबरतात. दीपकला असं नसेल म्हणायचं, हिनेच लिहून पाठवलं असेल. चारशे डॉलर जास्त होते. मी मनात गुणलं, गुणिले बारा. आणि फोन लावला."

आबा उठले. मी आबांना एवढ्या पटकन उठताना कधी बघितलं नव्हतं. हात वर गेला होता त्यांचा, मोठ्या दादावर, बेचाळीस वर्षांच्या माणसावर, आणि दादा हललाही नाही, उलट त्याने मान पुढे केली. मध्ये आली ती तुळसावहिनी.

"बसा आबा."

"बाजूला हो तुळसा. ह्याने माझा पोरगा—"

"बसा म्हणते ना. सोळाशेचा पहिला पैसा आला तेव्हा तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचे अनुच्या कॉलेजात भरले. तिसऱ्यात पत्रे बदलले ह्या पडवीचे. तेव्हा कोणी विचारलं काय, कुठल्या जहाजाचे म्हणून?"

आबांचा हात कुठे जावा त्यालाच कळेना, तो बाकड्याच्या कडेवर आला आणि तिथे राहिला. आणि मी, मला वाटलं मला कोणीतरी पाण्यात ढकललं. माझी फी. मी पावती जपून ठेवलीये अजून.

दादा म्हणाला, "तुला माहीत होतं, तुळसा?"

"तुम्ही हो सांगितलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी ते खाली आले ना सामान घ्यायला, तेव्हा कळलं त्यांना. पासपोर्ट, जहाजावरच्या नोकरीचं ते सीडीसी पुस्तक, सगळं एजंटकडे गेलेलं. मला येऊन म्हणाले, दादाने ऐकलं नाय, पण तू घरात बोलू नको, दादाला वाईट वाटेल. आल्यावर मी बघतो."

आल्यावर मी बघतो. रऊफचाचांनी डोळे मिटून घेतले आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं, त्यांच्या भाषेतलं.

"मग तू वर्षभर का नाय बोललीस?" हे आबांनी विचारलं. ओरडून नाही. अगदी हळू.

वहिनी पायरीवर बसली, छकुलीजवळ. "काय बोलू? त्यांचे हात शेणाने भरले होते. एसटी हॉर्न मारत होती. म्हणाले, तू लिही, मी सांगतो. मी लिहिलं. मी म्हटलं असतं हात धुवा, तुम्ही लिहा, थांबेल कंडक्टर, तर विनीतभावोजींनी ऐकलं असतं. एवढंच डोक्यात. रोज. उठलं की तेच." तिने छकुलीच्या हातातली पानाची पट्टी घेतली आणि परत दिली. "भावोजींच्या तोंडून कधी येतंय त्याची वाट बघत होते. मी सांगितलं असतं तर कोण मानणार होतं? गावात तर मीच पाठवलंय त्यांना."

पूजावहिनी मागे दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

मोठा दादा म्हणाला, "तुळसा, मी—"

"आज नको," वहिनी म्हणाली. "आज त्यांचं पान ठेवलंय. मला तुम्हाला जे बोलायचं ते मी बोलणार हाय, सोडणार नाय. पण आज नको."

कोणीतरी घड्याळ बघायला हवं होतं म्हणून मी बघितलं. चारला पंधरा मिनिटं.

कातळ शाळेच्या मागे, चालत आठ मिनिटं. रितेश, पूजावहिनी, मी निघालो, आणि मागून मोठा दादा आला, कारण फोन तर त्याचाच होता, नंबर त्याचाच होता. ऊन एवढं की कातळातून वाफा येत होत्या, खाली सावित्रीचं खोरं पूर्ण धुरकट, जिकडेतिकडे राब पेटलेले, पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात ना, ते. दादाने नंबर लावला आणि फोन रितेशच्या हातात दिला. लांब जाऊन पाठ करून उभा राहिला.

रितेशने फोन उलटाच कानाला लावला, खरंच. सहा वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. मी स्पीकर लावून दिला.

"बोला विनीतशेठ," एजंट म्हणाला.

"विनीत नाही. मी रितेश बोलतोय. ज्याला जायचंय तो." घसा खाकरून परत म्हणाला, "साडेतेराशेवालं जहाज. करारवालं. ते पाहिजे."

"अरे मित्रा, ते तर दोन वाजता भरलं. एक पोरगा समोर बसूनच सही करून गेला. पण टेन्शन नको, एकोणीसशेवालं आहे ना! तुमचा फायदाच आहे. करू ना फायनल? सोमवारी पासपोर्ट, सीडीसी घेऊन ये, गुरुवारी फ्लाइट."

रितेशने फोन छातीला दाबून धरला. आता बघा ना, कोणाला असं वाटलं होतं? आम्ही सगळे घरातून निघालो ते जणू उत्तर घेऊनच निघालो होतो. आता तेच जहाज नाही. सहा महिने घरी, बायकोला पाचवा महिना, आणि समोर गुरुवारची फ्लाइट. त्याने मोठ्या दादाकडे बघितलं, सवयीने. दादाची पाठच दिसत होती. मग पूजावहिनीकडे बघितलं.

"पूजा? काय सांगू?"

पूजावहिनी म्हणते, त्या क्षणाला तिला खोली दिसली. खरंच दिसली, निळ्या रंगाची, तिने मनात लावलेला रंग, खिडकीतून दवाखान्याची पाटी. 'हो सांग' एवढे दोनच शब्द होते आणि ते अगदी जिभेवर होते.

"मला नको विचारू," ती म्हणाली. "शिडी तुला चढायची हाय. तू सांग. जे सांगशील त्यात मी हाय, पण सांगायचं तू."

फोनमधून हॅलो हॅलो चाललं होतं. रितेशने तो वर घेतला.

"नको."

"काय नको?"

"एकोणीसशेवालं नको. करारवालं आलं की सांगा."

"अरे वेडा आहेस का? पुढचं दोन महिन्यांनी येईल, नाहीतर दिवाळीला येईल. नाही म्हणणाऱ्याला आम्ही परत फोन करत नाही, सांगून ठेवतो."

"नका करू," रितेश म्हणाला. "मी करेन. आणि हा नंबर काढून टाका तुमच्याकडचा. माझा लिहून घ्या."

त्याने नंबर सांगितला, एकेक आकडा, सावकाश. एजंटने लिहून घेतला का ते कळलं नाही, मध्येच फोन कट झाला. पूजावहिनी कातळावर खाली बसली, पोटावर हात धरून, तापलेल्या कातळावर, तशीच. रितेश तिच्या शेजारी बसला. मी जायला हवं होतं तिथून, पण माझे पाय निघेनात. मोठा दादा फिरून आला. "जूनपासून माझ्या खोलीत या दोघं," तो म्हणाला. "अनु आणि मी आत, तुम्ही बाहेर. लहान हाय. पण दवाखाना जवळ हाय." पूजावहिनीने त्याच्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बघू. ताईंना विचारून सांगते."

परत आलो तेव्हा आबा बाकड्यावर नव्हते, मागे गोठ्यात गेले होते, चाचा म्हणाले त्यांना एकटं राहू दे. तुळसावहिनी पायरीवर तशीच. छकुली तिच्या मांडीवर झोपलेली.

"काय झालं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. साडेतेराशेवालं भरलं. एकोणीसशेला नको म्हटलं. आता काहीच नाही.

मला वाटलं ती म्हणेल बरं झालं, किंवा अरेरे म्हणेल. तिने वेगळंच विचारलं. "फोनवर कोण बोललं?"

"रितेश."

"भावोजी नाय?"

"नाही. रितेशच."

"स्वतः?"

"स्वतः, वहिनी. मी स्पीकर लावला होता. माझ्यासमोर."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मी खोटं बोलत असेन की काय असं. मग छकुलीला उचलून आत गेली, आणि जमिनीवर नुसती चटई टाकून तिच्या शेजारी आडवी झाली. आमच्या घरात बायका दुपारच्या झोपत नाहीत. तुळसावहिनी तर गेलं वर्षभर रात्रीची तरी झोपत होती का, कोण जाणे. पूजावहिनीने दार अर्धवट ओढून घेतलं. भांडी उरली होती, ती आम्ही दोघींनी बाहेर विहिरीवर नेऊन घासली, आवाज होऊ नये म्हणून. चाचांना खाली सोडायला मोठा दादा निघाला, त्याने गाडी सुरू न करता उतारावरून तशीच सोडली, वळणापर्यंत. संध्याकाळ झाली, आबा आत आले, काळोख पडला. वहिनी झोपली होती. कोणी उठवलं नाही.